चौथ्या रांगेतला प्रश्न

३ नोव्हेंबर

धाकटे,

'प्रिय' लिहीत नाही. तुला ते खोटं वाटेल आणि मला ते खोडावं लागेल. माफी मागायला लिहितेय असंही समजू नकोस. काम आहे म्हणून लिहितेय.

वाचनालयाच्या मागची जागा वर्षभर ओस पडली आहे. वाचनकक्षाची खिडकी आणि सायकल स्टँड यांच्यामधली ती चाळीस फुटांची पट्टी, जी तू चपला काढून पावलांनी मोजली होतीस. तिथे आता विड्यांची थोटकं आणि कुंड्यांची खापरं आहेत. फुलपाखरांची बाग पुन्हा करायची, असा समितीने ठराव केला. अध्यक्ष या नात्याने मीच तो मांडला. किड्यामकोड्यांशिवाय ही पृथ्वी किती दिवस चालेल, इथून सुरुवात करून पंधरा मिनिटं बोलले. सगळे मान डोलावत होते. शेवटी चिटणीस म्हणाले, "ताई, सगळं पटलं. पण लावायचं काय?" मी म्हटलं, पुढच्या बैठकीत सांगते.

चार पुस्तकं वाचली. चौघांचं एकमेकांशी पटत नाही. माझ्या मनात मोठा गेंददार झेंडू आहे, गुलाब आहेत. खिडकीतून रंग दिसायला हवेत. एवढं बरोबर आहे का ते कळव. नुसती यादी पाठव, बाकी काही नको.

रोपं या वेळी दुसरीकडून आणू. मागच्या वेळी मी तरी काय कमी केलं होतं? रुईवर पिवळा मावा चढला तेव्हा या हातांनी एकेक फांदी धुतली, घरच्या औषधाने. बाजारातला एक थेंब नाही. तरी चौसष्ट अळ्या काळ्या पडून मेल्या. शाळेतली मुलं बघायला यायची होती त्याच सकाळी. 'विषारी रोपं विकणारा हात माझ्या सख्ख्या बहिणीचा असला, तरी मी तो पदराखाली झाकणार नाही,' असं मी सभेत म्हणाले, ते खरं मानूनच म्हणाले. लोकांनी तुझ्याकडून घेतलेली झाडं उपटून तुझ्या फाटकापुढे टाकली, ते मी करायला सांगितलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट तुझ्या कानावर घालणं माझं कर्तव्य आहे. तुझ्या नर्सरीच्या जागेचा करार डिसेंबरात संपतो. जागा नगरपालिकेची, म्हणून फलकावर नोटीस लागली आहे, की करार वाढवायला कुणाची हरकत आहे का. हरकत आली आहे. दोनशे बारा सह्या आहेत आणि पुराव्यादाखल माझं ते भाषण जोडलं आहे. हे मी केलेलं नाही, चिटणिसांनी केलं. सुनावणी दहा डिसेंबरला आहे. एकदा जागा गेली की परत मिळायची नाही. परगावी प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यात तुझा जन्म जाणार असेल तर तू जाणे. मी सांगायचं काम केलं.

यादीची वाट पाहणारी,
थोरली


१२ नोव्हेंबर

धाकटे,

कार्ड मिळालं. वर नाव नाही, खाली नाव नाही. सरकारी खात्याची पत्रंसुद्धा याहून मायेची असतात.

'गुलाब नको. गेंददार झेंडू नको, पाकळ्यांच्या गर्दीत सोंडेला वाट सापडत नाही. एकेरी झेंडू लाव. सदाफुली. घाणेरी चालेल, पण छाटत राहा. लिंबू. रुई. कृष्णकमळाचा वेल. शेपूचा एक वाफा, आपल्याला खायला नाही. फुलं येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी, पानं त्यांच्या पोरांसाठी. पानं कुरतडलेली दिसली की बाग जमली म्हणायची.'

इथपर्यंत वाचून मला बरं वाटलं, हे कबूल करते. हे तूच लिहू शकतेस. सातवीत असताना तू कंपासपेटीत अळी पाळली होतीस आणि भूमितीच्या तासाला ती बाईंच्या टेबलावर चढली होती. बाईंनी मला वर्गातून बोलावून घेतलं, "तुझ्या बहिणीला आवर." मी तुला आवरायचं काम तेव्हापासून करत आले.

मग तुझी शेवटची ओळ वाचली. 'मावा पडला होता तेव्हा काय मारलं होतंस?'

या प्रश्नाचा इथे काय संबंध? मी बागेची यादी मागितली होती, उलटतपासणी नव्हे.

यादी मी वाचनालयाच्या मावशींना वाचून दाखवली. झाडलोट त्यांची, पुस्तकं जागेवर लावणं त्यांचं, तेव्हा खड्डे खणणंही त्यांच्याच गळ्यात पडणार.

"लिंबू आणि रुई आहे की माझ्याकडे," त्या म्हणाल्या.

"कुठून आणलीत?"

"आणायची कशाला? तुम्हीच गेल्या वर्षी सगळी जाळायला सांगितलीत ना. दोन कुंड्या सायकल स्टँडमागे राहिल्या होत्या, लावायच्या राहून गेलेल्या. मला जाळवेना. घरी नेल्या."

"अहो मावशी, ती विषारी रोपं आहेत!"

"असतील बाई. मग त्या अळ्यांना सांगा कुणीतरी. वर्षभर खातायत."

मी बघायला गेले. तिसरा मजला, एक खोली, खिडकीला लोखंडी जाळी आणि जाळीत तुझ्या त्या दोन कुंड्या. अजून तुझी खूण आहे त्यांच्यावर, कडेला पांढऱ्या रंगाचा ठिपका. रुईच्या पानांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या पाच अळ्या होत्या. लिंबावर एक हिरवी. बोट लावलं तर डोक्यातून नारिंगी शिंगं काढून तिने असा वास सोडला की मी मागे सरले. मावशी हसल्या. "घाबरलात? ती तुम्हाला घाबरली म्हणून करते तसं."

मी विचारलं, यांच्यावर पहिल्यांदा अळ्या कधी आल्या?

"आल्या कधी म्हणजे? बागेतल्या मेल्या त्या सकाळी या दोन कुंड्यांवर सात होत्या, चांगल्या हलत्या-चालत्या. पिशवीला भोकं पाडून आणल्या मी."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"मला कुणी विचारलं? आणि तुम्ही बोलत असताना मध्ये कोण बोलणार?"

त्यांनी चहा टाकला होता. मी न घेता खाली उतरले.

दोन रोपं चांगली निघू शकतात. शंभरातली दोन. त्यावरून काही सिद्ध होत नाही. तुला कळावं म्हणून लिहिलं, इतकंच.

थोरली


२० नोव्हेंबर

धाकटे,

तंबाखू.

पावशेर तंबाखू, बादलीभर पाणी, दिवसभर भिजवून, गाळून, वर साबणाचा चुरा. हवं होतं ना तुला उत्तर? घे. तीन पुस्तकांत दिलं आहे. तंबाखू ही वनस्पती आहे, ती जमिनीतून उगवते, कारखान्यातून येत नाही. कारखान्यातल्या विषावर मी तीस वर्षं बोलत आले आहे, मोर्चे काढले आहेत, फाटकासमोर उन्हात बसले आहे. 'पानाचा काढा' म्हटल्यावर माझ्या मनात विष हा शब्द आलाच नाही. मावा किडा आहे आणि अळीही किडाच आहे, हे तुझ्यासारख्या दहावी नापास मुलीला कळतं आणि माझ्यासारख्या बाईला, जिच्या भिंती पुस्तकांनी भरल्या आहेत, तिला कळत नाही. हस. तुझा हक्क आहे.

पण तू वर्षभर का नाही विचारलंस? एक कार्ड टाकायचं. हाच प्रश्न तेव्हा विचारला असतास तर

वाक्य पुरं करत नाही. तू विचारला होतास.

सभेत चौथ्या रांगेत होतीस, मातीच्या हातांनी तशीच आलेली. भाषण चालू असताना उभी राहिलीस आणि म्हणालीस, "ताई, मावा पडला होता का? काय मारलं होतंस?" मी माइक हातात धरून म्हणाले, "विषय बदलू नका! बसा खाली!" बसा. तुला. लोक हसले. तू बसलीस.

आता जे लिहिते आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तू प्रश्न विचारलास तेव्हा मला बादली आठवली. अळ्या मेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी मी ओतलेली, मोरीत तिचा तपकिरी डाग पडला होता, तो डाग आठवला. मला त्या क्षणी कळलं असं म्हणणं खोटं होईल, पण काहीतरी मनात हललं हे नक्की. थांबता आलं असतं. 'एक मिनिट, हे बघायला हवं,' एवढं म्हणायचं होतं. मी थांबले नाही. कारण वाक्य फार छान चाललं होतं. 'पदराखाली झाकणार नाही' हे त्यानंतरचं आहे, धाकटे. ते मी लिहून आणलं नव्हतं. तुला खाली बसवल्यावर ते मला तिथल्या तिथे सुचलं आणि सभागृहात टाळ्यांचा पाऊस पडला.

अळ्या मेल्या त्या सकाळी मावशींनीही विचारलं होतं, "काल तुम्ही फवारलंत ते काय होतं?" मी म्हणाले, औषध.

तू ये असं म्हणायला मला तोंड नाही. पण दहा तारखेच्या आत मी हे निस्तरते. चिटणिसांशी उद्याच बोलते.

ताई


२९ नोव्हेंबर

धाकटे,

बोलले. काही उपयोग झाला नाही.

चिटणिसांना सगळं सांगितलं, बादलीपासून मावशींच्या कुंड्यांपर्यंत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "ताई, तुमचं मन फार मोठं. बहिणीला वाचवायला स्वतःवर घेताय."

"अहो, स्वतःवर घेत नाही, ते माझंच आहे!"

"तेच म्हणतो मी. दुसरं कुणी असं म्हटलं असतं?"

मग मी सभाच बोलावली. सभागृह तेच, माइक तोच. उभी राहून सांगितलं की तुमच्या बागा उजाड झाल्या त्या माझ्या जिभेने, माझ्या बहिणीची रोपं निर्मळ होती. मला वाटलं, आता दगड येतील. टाळ्या आल्या. लोक उठून उभे राहिले. एक आजी डोळे पुसत म्हणाल्या, "अशी बहीण मिळायला भाग्य लागतं." शिंपी म्हणाला, "बाईंनी आजवर इतकं चांगलं भाषण केलं नव्हतं." हरकतीवरची एकही सही मागे घेतली गेली नाही. गेल्या वर्षी मी जे खोटं बोलले ते सगळ्यांनी खरं मानलं आणि आज खरं बोलले ते सगळ्यांना शोभेचं वाटलं. दोन्ही वेळा मी तेवढीच चांगली बोलले होते, धाकटे. लोकांनी तरी कशावरून ओळखायचं?

त्यानंतर घरोघर गेले, सह्यांच्या यादीतली पहिली चाळीस घरं. कुणी पाणी दिलं, कुणी पंखा लावला. एकच बाई चिडली, कंपाउंडरची बायको. "तुमचं ऐकून मी माझी जाई उपटली. आता सांगता चुकलं म्हणून? जाईला काय सांगू?" दाराबाहेर काढलं मला तिने. तिनेच सही मागे घेतली.

तेव्हा मी ठरवलं आहे. सुनावणीला मी बोलणारच नाही, करून दाखवणार. मावशींची रुईची कुंडी नेते, वर अळ्या असलेलीच. तोच काढा बाटलीत नेते. अधिकाऱ्यांच्या टेबलावर, सगळ्यांसमोर, अर्ध्या झाडावर फवारते. तासाभरात ज्याला डोळे आहेत त्याला दिसेल. याला तरी कुणी माझं मोठं मन म्हणणार नाही. तुझी जागा वाचेल. मावशी कुंडी द्यायला कां कूं करतायत, पण त्यांना मी पटवते.

घाईत आहे.

ताई


६ डिसेंबर

धाकटे,

तुझं कार्ड आज दुपारी आलं. दोनच शब्द. 'पुन्हा मारणार?'

मी ते घेऊन स्वयंपाकघरात गेले. काढा ओट्यावर झाकून ठेवला होता. तो मोरीत ओतला, बादली घासली.

तुझी जागा जाईल आणि तरी तू म्हणतेस नको. मला आधी राग आला. पाच अळ्यांसाठी ही बाई आपलं आयुष्य घालवणार, असं मी मोठ्याने म्हणाले, रिकाम्या घरात. मग वाटलं, मी मात्र पुन्हा एकदा सभा जिंकायला निघाले होते. फक्त या वेळी तुझ्या बाजूने.

मावशींना सांगितलं, कुंडी नको. त्यांनी विचारलं, "मग आता काय करणार?" मी म्हटलं, ठाऊक नाही.

"जे झालं ते सांगा की सरळ."

"तेच तर दोनदा सांगितलं, मावशी."

"सांगितलंत कुठं? भाषण केलंत."

तुमच्या दोघींचं काही ठरलेलं आहे का, अशी मला शंका येते.

मावशी साक्षीला येतील. 'मला कुणी विचारलं तर सांगेन' म्हणाल्या. विचारायची व्यवस्था करते.

ताई


१५ डिसेंबर

धाकटे,

दहा तारखेला सुनावणी झाली. जशी झाली तशी लिहिते.

नगरपालिकेत दुसऱ्या मजल्यावर लांबट खोली आहे. फायलींची कपाटं, एक टेबल, एक बाक. चिटणीस पंधरा जणांना घेऊन आले होते. अधिकारी तरुण होता आणि त्याला सर्दी झाली होती. "प्रत्येकाला तीन मिनिटं," तो म्हणाला. हरकतदारांच्या वतीने चिटणिसांनी माझं भाषण वाचलं. वाईट वाचलं, तरी परिणाम झालाच. 'पदराखाली' आल्यावर दोन माणसं हळूच म्हणाली, वा. माझं वाक्य मी पहिल्यांदाच खाली बसून ऐकलं.

मग माझं नाव पुकारलं. मी कागदावर सहा ओळी लिहून नेल्या होत्या. किती तंबाखू, किती पाणी. कोणत्या तारखेला फवारलं, किती वाजता, कोणत्या झाडांवर. अळ्या कधी मेलेल्या दिसल्या. कोणत्या दोन कुंड्यांवर फवारलं नव्हतं आणि त्यांच्यावर त्याच सकाळी काय होतं. वाचलं, मान वर केली नाही. अर्धं मिनिट लागलं असेल. कुणी टाळी वाजवली नाही.

अधिकाऱ्याने नाक पुसलं. "हे तुम्ही बहिणीच्या प्रेमापोटी सांगताय, असं हरकतदारांचं म्हणणं आहे."

मी म्हटलं, "साहेब, प्रेम असतं तर ती चौथ्या रांगेत उभी राहिली तेव्हाच मी थांबले असते."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच शंका आली होती?"

"हो."

"आणि तरी बोलत राहिलात?"

"हो."

चिटणीस ताडकन उठले. "ताई, काय बोलताय तुम्ही! आम्ही दोनशे बारा माणसांनी सह्या केल्या त्या काय..." त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. तीस वर्षं माझ्या सभांच्या सतरंज्या घातलेला माणूस. त्या क्षणी त्यांना पटलं आणि त्या क्षणी मी त्यांच्यासाठी संपले.

मग मावशींना विचारलं. त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. अधिकाऱ्याने विचारलं, "तुम्हाला कसं ठाऊक ती रोपं त्याच नर्सरीची?" मावशी म्हणाल्या, "तिच्या कुंड्यांना पांढरा ठिपका असतो. घरी या, दाखवते. अळ्यासुद्धा दाखवते, फक्त बोट लावू नका."

हरकत फेटाळली. लेखी उत्तर आज सकाळी मिळालं. प्रत सोबत जोडली आहे.

बाकीचंही तुला कुणाकडून तरी कळेलच, तेव्हा माझ्याकडून ऐक. मी अध्यक्षपद सोडलं. समितीने राजीनामा मागितला नव्हता, पण ते मागणारच होते. समितीने बागेचा ठराव मागे घेतला, त्यामुळे तुझी यादी तशीच राहिली. बाजारात लोक मला वाट देतात, बोलत नाहीत. कंपाउंडरची बायको तेवढी बोलते. काल म्हणाली, "अजून जाई मिळालेली नाही मला." मी म्हटलं, मिळेल.

आता तुझं काम. करार आपोआप वाढत नाही. ज्याच्या नावावर जागा आहे त्याने स्वतः येऊन सही करायची आहे, एकतीस डिसेंबरच्या आत. दुसऱ्याची सही चालत नाही, मी विचारून पाहिलं. तू आली नाहीस तर जागा जाईल. त्यावर मी काहीही बोलू शकत नाही आणि बोलणार नाही.

माझं तोंड बघावं लागेल म्हणून तू येत नसशील, तर तेवढी अडचण मी काढते. मी पंचवीस तारखेला सकाळच्या गाडीने जाते आहे, दोन जानेवारीपर्यंत इथे नसेन. कुठे जाते ते मावशींनाही सांगितलेलं नाही, म्हणजे तुला कुणी आग्रह करणार नाही. नर्सरीच्या फाटकावर लोकांनी टाकलेली झाडं वाळून तिथेच पडली होती, ती मी उचलली आहेत. कुलपाला तेल घातलं आहे. आत पाऊल टाकलेलं नाही.

कचेरीत दुसऱ्या मजल्यावर, डाव्या हाताची तिसरी खिडकी. दुपारी दीड ते अडीच तिथे कुणी नसतं. अडीचनंतर जा. जुन्या कराराची प्रत लागते, नसेल तर खालच्या मजल्यावर मिळते. त्याला अर्धा दिवस लागतो, म्हणून शेवटच्या तारखेवर ठेवू नकोस.

ताई